जर्मनीतला पहिला किराणा : म्युनिकला नव्याने येणाऱ्या मराठी घरासाठी

आम्ही म्युनिकला उतरलो ती तारीख १४ ऑगस्ट २०१५, शुक्रवार. विमानाला उशीर झाला होता, घराची किल्ली हातात पडली तेव्हा रात्रीचे साडेआठ. खालचं सुपरमार्केट आठलाच बंद झालेलं. म्हटलं, सकाळी जाऊ. सकाळी गेले तर दार बंद, आत अंधार. नऊला परत गेले, दहाला परत गेले. शेवटी कुत्रा फिरवणाऱ्या एका आजींनी हातवारे करून सांगितलं की आज सुट्टी आहे. १५ ऑगस्टला इथे मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असतो. आणि दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सगळाच शुकशुकाट. चार वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही दोन दिवस आईने बॅगेत कोंबलेल्या चिवड्यावर, दाण्याच्या लाडवांवर आणि पेट्रोल पंपावरच्या पावावर काढले. मुख्य रेल्वे स्टेशनातलं सुपरमार्केट रविवारी आणि सुट्टीलाही उघडं असतं, हे आम्हाला सोमवारी कळलं.

दरवर्षी कुणी ना कुणी नवं कुटुंब येतं, फोन करतं, आणि प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच नीट लिहून काढते. जर्मन शब्द मी उच्चाराप्रमाणे दिले आहेत, दुकानात विचारताना तेच कामी येतात. पाकिटावरचा मजकूर वाचायला फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ऍप निघण्यापूर्वीच घालून ठेवा, आणि त्यात जर्मन भाषा डाउनलोड करून ठेवा. कारण तळघरातल्या दुकानात नेमकी रेंज जाते.

१. निघण्यापूर्वी : बॅगेत काय भरायचं

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की इथे डाळ-तांदूळ मिळत नाही. सगळं मिळतं. वीस किलो तूरडाळ आणून त्या वजनात स्वेटर मागे ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

आणायचं ते असं :

- गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, आमसुलं. हे इथे मनासारखं मिळत नाही.
- सपाट बुडाचा प्रेशर कुकर, आणि त्याच्या दोन जादा रिंगा, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह. रिंग गेली की कुकर म्हणजे नुसतं पातेलं.
- सपाट तवा. गोल बुडाची कढई आणू नका, इथल्या शेगडीवर ती डुलत बसते.
- मिक्सर. वीज इथेही २३० व्होल्टच आहे, फक्त प्लगला अडॅप्टर लागतो.

भांडी घेण्यापूर्वी घरमालकाला एक प्रश्न विचारा : शेगडी साधी काचेची आहे की इंडक्शन? इंडक्शन असेल तर बुडाला चुंबक चिकटलं पाहिजे, ॲल्युमिनियमचा कुकर तिथे तापणारच नाही. आणि हो, स्वयंपाकघर आहे ना हेही विचारा. इथे भाड्याची बरीच घरं ओट्याशिवाय, सिंकशिवाय, नुसत्या चार भिंतींची मिळतात.

आणायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. भारतातून येताना सामानात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला युरोपियन युनियनची बंदी आहे. दुधाच्या पदार्थांत घरचं साजूक तूप, खवा, चक्का, पनीर सगळं आलं. तान्ह्या बाळाच्या दूधपावडरीला सूट आहे, पण सीलबंद डबा आणि २ किलोपर्यंतच. ताजी फळं, भाज्या, पानं आणायची तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना. म्हणजे हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी, दोन्ही घरीच ठेवा. कढीपत्ता वाळवूनही मजा नाही, इथे ताजा मिळतो.

२. दुकानं कधी बंद असतात ते आधी पाठ करा

बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, दुकानं सोमवार ते शनिवार, रात्री आठपर्यंत. बर्लिनला राहणारा मित्र रात्री अकराला दूध आणतो म्हणून तुम्हालाही मिळेल असं समजू नका, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. रविवारी बंद. बेकऱ्या तेवढ्या सकाळी काही तास उघडतात.

म्युनिकला वर्षात १३ सार्वजनिक सुट्ट्या आहेत आणि त्या दिवशी एरवीच्या दुकानांत किराणा मिळत नाही. इस्टरला शुक्रवार आणि सोमवार दोन्ही बंद, मधल्या शनिवारी सगळं शहर दुकानात. २५ आणि २६ डिसेंबर बंद, २४ ला दुपारी दोनपर्यंतच. या तारखा पहिल्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. तुमचं विमान शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी उतरत असेल तर दूध, पाव, अंडी, केळी विमानतळावरच्या सुपरमार्केटमधून घेऊनच घरी जा.

३. तीन दुकानं, तीन कामं

पुण्यातल्या वाण्याकडे यादी दिली की पोहे ते फिनाईल सगळं घरपोच यायचं. इथे एकाच दुकानात सगळी यादी संपवायचा हट्ट धरलात तर महाग पडतं आणि चिडचिड होते. आमच्या घरी बसलेली घडी अशी आहे.

आठवड्याला एकदा : आल्डी, लिडल, पेनी यांसारखं स्वस्त साखळी-दुकान. दूध, दही, लोणी, अंडी, साखर, तेल, बटाटे, कांदे, फळं. रेवे आणि एडेका मोठी, जास्त पर्याय असलेली, थोडी महाग. पण त्यांच्या स्वतःच्या नावाचा साधा माल आल्डीच्याच भावात असतो. तो सहसा खालच्या फळीवर ठेवतात, म्हणून वाकून बघा.

पंधरा दिवसांनी : तुर्की दुकान. म्युनिकच्या मुख्य स्टेशनाच्या दक्षिणेला लांडवेअरश्ट्रासे आणि गोएथेश्ट्रासे या रस्त्यांवर ती रांगेने आहेत, पण तुमच्या भागातही एखादं असेलच. कोथिंबिरीची खरी जुडी इथे मिळते. साखळी-दुकानात कोथिंबीर म्हणजे कुंडीत दहा काड्या. भेंडी, छोटी वांगी, मेथी, पुदिना, पाच किलोची तांदळाची गोणी, काबुली चणे, कच्चे शेंगदाणे, दह्याची मोठी बादली, सगळं इथे.

महिन्याला एकदा : भारतीय दुकान. तूरडाळ, हरभराडाळ, पोहे, साबुदाणा, गूळ, काळी मोहरी, हिंग, ज्वारी-बाजरीचं पीठ, कढीपत्ता. भाजी मात्र इथून शक्यतो नको. विमानाने आलेली दुधी जितक्या भावाला पडते तितक्यात आठवड्याची इथली भाजी येते.

चौथं दुकान किराण्याचं नाही, पण सांगते. डेएम आणि रॉसमान या दुकानांना इथे ड्रोगेरी म्हणतात. साबण, डायपर, बाळाचं खाणं आणि चांगलं सेंद्रिय धान्यही तिथे रास्त भावात मिळतं. राजगिरा सापडत नाही म्हणून उपास सोडू नका, सेंद्रिय मालाच्या फळीवर तो ‘आमारांथ’ नावाने असतो.

४. घरातून निघताना सोबत काय हवं

- १ युरोचं नाणं. ट्रॉल्या साखळीने जोडलेल्या असतात, नाणं घातलं की सुटते, ट्रॉली परत लावली की नाणं परत.
- दोन दणकट पिशव्या. पातळ प्लास्टिकच्या कॅरीबॅग २०२२ पासून बंद आहेत.
- थोडी रोकड. मोठ्या दुकानांत भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं. छोट्या तुर्की-भारतीय दुकानांत एकतर रोख, नाहीतर इथल्या बँकेचं गिरोकार्ड. ते बँक खातं उघडल्यावर येतं, आणि खात्याला बऱ्याचदा पत्ता नोंदवल्याचा कागद, म्हणजे आनमेल्डुंग लागतं. थोडक्यात, पहिले काही आठवडे रोख जवळ ठेवा.
- रिकाम्या बाटल्या. का ते शेवटी सांगते.

५. पीठ

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पहिल्या महिन्यातली सगळ्यात मोठी रडारड पोळीवरून होते.

आमच्या दुसऱ्या आठवड्यात मी फळीवरून छान तपकिरी दिसणारं पीठ उचललं. मैद्यासारखं पांढरं नको, कोंडा असलेलं बरं, एवढाच विचार. मळायला घेतलं तर परातीतून हात सुटेना. वाटलं पाणी जास्त झालं, अजून पीठ घातलं. गोळा दिसायला झाला, पण लाटण्याला अर्धा आणि पोळपाटाला अर्धा. शेवटी कालथ्याने खरवडून ते सगळं थालिपिठासारखं तव्यावर थापलं. मुलीने एक तुकडा मोडला, माझ्याकडे पाहिलं आणि ताट हळूच बाबाकडे सरकवलं. पाकिटावर लिहिलं होतं ‘रॉगेनमेल’. रॉगेन म्हणजे राय नावाचं धान्य, आपली मोहरीतली राई नव्हे. त्यात गव्हासारखं चिवट ग्लूटेनचं जाळं तयार होत नाही, म्हणून ते कितीही मळा, चिखलच राहतो. इथले लोक त्याचा आंबवलेला पाव करतात, तो उत्तम लागतो.

तर, शब्द लक्षात ठेवा : ‘वाइत्सेन’ म्हणजे गहू, ‘मेल’ म्हणजे पीठ. वाइत्सेनमेल हवं. त्याच्या पुढे ‘टाइप’ आणि एक आकडा असतो. १०० ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. कोंड्यात क्षार जास्त, म्हणून आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त.

४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदा : शंकरपाळे, करंजी, केक. ५५० पावाचं. १०५० पोळीला चालतं. ‘फोलकॉर्न’ म्हणजे संपूर्ण गव्हाचं, त्याला टाइपचा आकडा नसतो. ते जाडसर दळलेलं असतं आणि एकट्याची पोळी कडक होते. माझं प्रमाण : १०५० दोन वाट्या, फोलकॉर्न एक वाटी, कोमट पाणी, चमचाभर तेल, आणि अर्धा तास झाकून ठेवणं. हा अर्धा तास चुकवू नका. भारतीय दुकानातला आटा आणलात तर हे काहीच करावं लागत नाही. पण दहा किलोची गोणी बसमधून ओढत आणताना माझी आठवण येईल.

रवा हवा तर ‘वाइशवाइत्सेनग्रीस’. उपमा, शिरा दोन्ही होतं. ‘हार्टवाइत्सेनग्रीस’ पिवळसर असतो, त्याचा शिरा जरा वेगळा लागतो, वाईट नाही. बेसन म्हणजे ‘किशरएर्बसेनमेल’, पण ते काबुली चण्याचं असतं. भज्यांना चालेल, लाडवांसाठी भारतीय दुकानातलंच घ्या. ‘श्पाइझेश्टेर्के’ हे पीठ नाही, ते कॉर्नफ्लोअर.

६. सारखी दिसणारी, सारखी नसलेली

जिरं. ‘क्युमेल’ म्हणजे जिरं नव्हे! दिसायला हुबेहूब, पण ते कॅरावे, वेगळाच मसाला, आमटीत घातलं की आमटीला थेट जर्मन कोबीचा वास. आपलं जिरं म्हणजे ‘क्रॉइत्सक्युमेल’. आणि ‘श्वार्त्सक्युमेल’ म्हणजे कलौंजी. मी विचारलेल्या दहापैकी आठ घरांत क्युमेलची एक न संपणारी बाटली आहे.

कोथिंबीर आणि सपाट पानांची पार्सली, म्हणजे ‘पेटरझीलिए’, शेजारी शेजारी ठेवतात. पान चुरगाळून वास घ्या, कोणी रागावत नाही.

डाळी. ‘रोटे लिन्झेन’ म्हणजे मसूरडाळ, सगळीकडे मिळते आणि लवकर शिजते. पहिला महिना तिच्यावर निघतो. पिवळी अर्धी डाळ दिसली म्हणून हरभराडाळ समजून उचलू नका, ती बहुधा वाटाण्याची असते, ‘शेलएर्बसेन’. पुरणाला चालत नाही.

मिरच्या : ‘पेपरोनी’ म्हणजे तिखट मिरची, ‘पाप्रिका’ म्हणजे सिमला मिरची. पिझ्झ्यावरचं ‘पेपरोनी’ म्हणजे सॉसेज, म्हणून इथे उलटा गोंधळ होतो.

पालक. फ्रोझन घेताना ‘ब्लाटश्पिनाट’ घ्या. ‘रामश्पिनाट’मध्ये साय घातलेली असते. ‘राम’ म्हणजे साय, हे कळल्यावर आमच्या सासूबाई दिवसभर हसत होत्या.

बटाटे. हा मला इथला सगळ्यात आवडलेला प्रकार. पाकिटावर स्पष्ट लिहितात की बटाटा शिजल्यावर कसा वागेल. ‘फेस्टकॉखेंड’ म्हणजे घट्ट राहणारा : काचऱ्या, रस्सा. ‘मेलिशकॉखेंड’ म्हणजे पिठूळ : बटाटेवडा, पराठा. मधला ‘फोरवीगेंड फेस्टकॉखेंड’, काही सुचत नसेल तेव्हा तो. बऱ्याच पाकिटांवर अनुक्रमे हिरवा, निळा, लाल रंगही असतो. फेस्टकॉखेंडचा वडा करायला गेलात तर सारण भुरभुरीत होत नाही, त्याला एक चिकट चकाकी येते.

भातासाठी बासमती कुठेही. मऊ, गुरगुट्या भाताची आठवण आली तर ‘मिल्शराइस’ नावाचा आखूड तांदूळ घ्या. जर्मन लोक त्याची गोड खीर करतात. इंद्रायणीचा वास त्याला नाही, पण चिकटपणा आहे, आणि वर मेतकूट-तूप घातलं की आजारी मूल जेवतं.

भाजीचा भाव बघताना पाटीवर किलोचा आहे की ‘श्ट्युक’चा, म्हणजे नगाचा, ते पाहा. फ्लॉवर, काकडी, नवलकोल बहुधा नगावर. मग सगळ्यात मोठा उचला! नवलकोल, ‘कोलराबी’, इथला अगदी घरचा आहे, स्वस्त आणि कोवळा. आपल्याकडे रोज कोण खातं, पण इथे आम्ही त्याची हरभराडाळ घालून भाजी आठवड्याला करतो. पाकिटबंद मालावर मोठ्या किमतीच्या खाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भावही असतो, ‘ग्रुंटप्राइस’. रुपयांत गुणाकार करण्यापेक्षा तो आकडा वाचायची सवय लावा.

७. दूध, दही, लोणी, पाणी

‘फ्रिशमिल्श’ फ्रीजमधलं, ‘हा-मिल्श’ बाहेर टिकणारं. साडेतीन टक्के फॅटचं घ्या, चहा नीट होतो. दीड टक्क्याच्या दुधाचा चहा पाण्यासारखा लागतो. साधं दही विरजणाला उत्तम. श्रीखंडासाठी चक्का बांधायची गरज नाही, ‘क्वार्क’ घ्या, पण ४० टक्केवालं. ‘मागरक्वार्क’ म्हणजे बिनसायीचं, त्याचं श्रीखंड खडूसारखं होतं.

तूप घरीच कढवा. लोणी दोन प्रकारचं : ‘झ्यूसराम’ म्हणजे गोड सायीचं आणि ‘झाउअरराम’ म्हणजे विरजलेल्या सायीचं. आपण साय विरजून लोणी काढतो, म्हणून दुसऱ्याचं तूप आईच्या तुपाच्या जास्त जवळ जातं. कढवताना खिडकी उघडी ठेवा, धुराचा अलार्म फार हळवा असतो.

पाण्याचा सापळा : बाटलीवर ‘क्लासिक’ किंवा ‘मेडियम’ असेल तर तो सोडा आहे. साधं पाणी म्हणजे ‘श्टिल’ किंवा ‘नाटुरेल’. खरं तर विकत घ्यायची गरजच नाही, म्युनिकच्या नळाचं पाणी सरळ पिता येतं. जड आहे, किटलीत पांढरा थर धरतो, एवढंच.

८. शाकाहारी असाल तर

भारतात हिरवा ठिपका बघायची सवय असते. इथे तसा सक्तीचा ठिपका नाही. पिवळ्या-हिरव्या ‘व्ही’चं चिन्ह काही पाकिटांवर असतं, पण ते ऐच्छिक. नसलं म्हणजे मांसाहारी असं नाही. घटकांच्या यादीत हे शब्द शोधा : श्वाइन (डुक्कर), रिंट (गाय-बैल), हून किंवा हेनशेन (कोंबडी), श्पेक आणि शिंकेन (डुकराचं मांस), श्माल्त्स (चरबी, मात्र ‘बुटरश्माल्त्स’ म्हणजे तूप), झेलाटिने (जिलेटिन, प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं). चघळायच्या गोळ्यांत, काही मूस-पुडिंगांत झेलाटिने बहुधा असतं. चीजमध्ये ‘लाब’ (दूध गोठवायचं रेनेट) लिहिलेलं असेल तर ते वासराच्या जठरातलं असू शकतं, ‘मिक्रोबिएलेस लाब’, म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनचं, चालतं. बटाट्याच्या तयार सूपमध्ये श्पेक बऱ्याचदा असतो.

अंड्यावर शिक्का असतो, त्याचा पहिला आकडा बघा : ० सेंद्रिय, १ मोकळ्या कुरणातलं, २ शेडमध्ये जमिनीवर, ३ पिंजऱ्यातलं.

लहान मुलं सोबत असतील तर मांसाच्या काउंटरवर सावध राहा. बव्हेरियात तिथल्या बाई मुलाला प्रेमाने सॉसेजची एक चकती देतात, ‘गेल्बवुर्स्ट’. मूल हात पुढे करतं आणि तुम्ही वाक्य जुळवेपर्यंत चकती तोंडात! ‘नाइन, डांके, वीअर एसेन काइन फ्लाइश’ हे हसून म्हणायची तालीम घरी करा. कोणाला वाईट वाटत नाही.

९. काउंटर आणि बाटल्या

सामान पट्ट्यावर ठेवलं की मागे आडवी दांडी ठेवा, म्हणजे पुढच्याचं सामान तुमच्यात मिसळत नाही. मग तयार राहा. इथले कॅशियर ज्या वेगाने सामान सरकवतात त्याला जगात तोड नाही. तिथेच पिशवीत रचत बसू नका, मागे रांग उसासे टाकते. सगळं ट्रॉलीत परत लोटा, पैसे द्या, आणि भिंतीकडच्या टेबलावर निवांत भरा. जड वस्तू पट्ट्यावर आधी ठेवा, टोमॅटो शेवटी. एवढं केलंत की निम्मं काम होतं. ते ऍप आहे का, पावती हवी का, असं काहीतरी विचारतील. दोन्हीला ‘नाइन, डांके’.

आता बाटल्या. पाणी, कोल्ड्रिंक, ज्यूसच्या प्लास्टिक बाटल्या आणि पत्र्याचे कॅन यांच्यावर २५ सेंट अनामत असते, तिला ‘फांट’ म्हणतात. २०२४ पासून प्लास्टिक बाटलीतल्या दुधावरही. पुन्हा भरायच्या बाटल्यांवर कमी : बिअरच्या साध्या बाटलीवर ८ सेंट, बाकी बऱ्याच प्रकारांवर १५. बिलात ती वेगळी दिसते, कोणी फसवलं असं वाटून घेऊ नका. बाटली चुरगाळू नका, लेबल फाडू नका, मशीनला ते वाचावं लागतं. दुकानाच्या दाराशी मशीन असतं, बाटल्या एकेक घालायच्या, हिरवं बटण दाबायचं, चिठ्ठी येते. ती चिठ्ठी त्याच दुकानात काउंटरवर दिली की बिलातून वजा, किंवा रोख. लोणच्या-जॅमच्या बरण्यांना सहसा फांट नसतो, त्या रस्त्यावरच्या काचेच्या डब्यात रंगाप्रमाणे टाकायच्या. तेही रविवारी नाही, आवाज होतो म्हणून.

चिठ्ठी त्याच दिवशी वापरा. माझ्या पाकिटात अकरा बाटल्यांची, २ युरो ७५ सेंटची एक आहे. तिची शाई केव्हाच उडून गेली आहे.